नस सापडत नाही

मधुमेहासाठी दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेणारा माणूस वर्षाला जवळजवळ दीड हजार वेळा स्वतःला सुई टोचतो. वीस वर्षांत हा आकडा तीस हजारांच्या घरात जातो. एवढं टोचूनही त्याच्या पोटावर फार तर चरबीच्या मऊ गाठी येतात, एखाद्या जागी खळगा पडतो, अधूनमधून काळानिळा डाग उठतो. डॉक्टर जागा बदलत राहायला सांगतात आणि विषय तिथेच संपतो. आता दुसरा माणूस घेऊ. हा रस्त्यावर मिळणारी हेरॉइन किंवा आडमार्गाने मिळवलेलं वेदनाशामक टोचून घेतो. काही वर्षांतच त्याच्या कोपरापासून मनगटापर्यंत काळपट रेघा उमटतात, हातावरच्या शिरा दिसेनाशा होतात, पोटरीवर एक न भरणारी जखम कायमची वस्तीला येते. काहींच्या बाबतीत बोटं किंवा अख्खा पाय कापण्याची वेळ येते.

सुई दोघांच्याही हातात आहे. मग एवढा फरक कशामुळे पडतो?

‘नशेमुळे’ हे उत्तर चटकन तोंडावर येतं. ते अपुरं आहे आणि त्या अपुरेपणाची किंमत माणसं हातापायांनी मोजतात. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णाला कातडीखाली बसवलेल्या बारीक सुईतून आठवडेच्या आठवडे मॉर्फिन दिलं जातं. त्या जागी थोडी लाली येते, सुई दुसरीकडे हलवतात. स्वित्झर्लंडमध्ये १९९४ पासून, इतर कोणताही उपचार लागू न पडलेल्या व्यसनी रुग्णांना दवाखान्यात, परिचारिकेच्या देखरेखीखाली, शुद्ध हेरॉइन दिली जाते. शिरांना त्रास तिथेही होतो, कारण एकाच शिरेत रोज सुई गेली की ती थकतेच. पण रस्त्यावर दिसणाऱ्या गळवांचं आणि कुजलेल्या जखमांचं प्रमाण तिथे खूप घटतं. रसायन तेच आणि टोचणंही तेच असताना जखमा कमी होतात, याचा अर्थ जखमेचं मूळ बरंचसं दुसरीकडे आहे. ते मूळ भेसळीत आहे, घाईत आहे, लपून टोचण्यात आहे आणि दवाखान्यात उशिरा पोचण्यात आहे. या प्रकरणात त्याचाच शोध घ्यायचा आहे.

सुई आणि गळू यांची सोबत तशी पहिल्यापासूनची. स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरातल्या अलेक्झांडर वुड या डॉक्टरने १८५३ साली पिचकारी आणि पोकळ सुई वापरून दुखऱ्या मज्जातंतूजवळ मॉर्फिन टोचलं आणि दोन वर्षांनी त्याबद्दल लिहिलं. औषध जिथे टोचावं तिथेच काम करतं, अशी त्याची समजूत होती. म्हणून जिथे दुखतं तिथेच, पुन्हा पुन्हा त्याच जागी सुई. लंडनमधल्या चार्ल्स हंटर या तरुण शल्यचिकित्सकाने हीच पद्धत उचलली, पण त्याच्या रुग्णांना त्या जागी गळवं होऊ लागली. नाइलाजाने त्याने दुखऱ्या भागापासून दूर टोचून पाहिलं आणि वेदना तितकीच कमी झाली. औषध रक्तातून सगळ्या शरीरभर जातं, हे १८५८ च्या सुमारास त्याने ठामपणे मांडलं. दोघांमध्ये यावरून बराच वाद झाला. आज प्रत्येक दवाखान्यात दंडावर टोचलेलं औषध डोकेदुखी थांबवतं, हे ज्ञान आपल्याला एका गळवामुळे मिळालं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. टोचलेली जागा सुरुवातीपासून काहीतरी सांगत होती आणि एका डॉक्टरने तिकडे लक्ष दिलं.

पुढच्या दोन-तीन दशकांत मॉर्फिनची पिचकारी युरोपातल्या सुखवस्तू घरांत पोचली. १८७७ साली बर्लिनच्या एडुआर्ड लेविनस्टाइनने मॉर्फिनच्या व्यसनावर पुस्तक लिहिलं. १८९० मध्ये आर्थर कॉनन डॉयलने शेरलॉक होम्सच्या दुसऱ्या कादंबरीची सुरुवातच होम्सच्या हातावरच्या सुईच्या व्रणांपासून केली. डॉयल स्वतः एडिंबराच्याच वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेला. अशा हातांचं वर्णन वाचकाला नव्याने समजावून द्यावं लागणार नाही, एवढी ओळख तोपर्यंत झालेली होती.

आता कातडीकडे वळू. आपल्याला दिसतो तो वरचा थर बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा पातळ असतो. त्याखाली एक ते चार मिलिमीटर जाडीचा, कोलॅजनच्या धाग्यांनी विणलेला मजबूत थर, आणि त्याच्याही खाली चरबी. चरबीला रक्तपुरवठा बेताचा असतो, त्यामुळे तिथे शिरलेल्या जंतूंना प्रतिकार उशिरा होतो. शिरेच्या आतल्या बाजूला पेशींचा एकपदरी गुळगुळीत थर असतो. तो शाबूत असेपर्यंत रक्त गोठत नाही. हातापायांच्या शिरांमध्ये ठिकठिकाणी छोट्या झडपा असतात, रक्त हृदयाकडेच जावं म्हणून.

सुई आत जाते तेव्हा हे सगळं थोडं फाटतं. रक्ताची छोटी गुठळी धरते, सूज येते, पेशी दुरुस्तीला लागतात. स्वच्छ सुईने, स्वच्छ औषध, एकदाच टोचलं तर काही दिवसांत सगळं जागेवर येतं. त्याच जागी दिवसातून तीन-चार वेळा सुई गेली की एक दुरुस्ती पुरी व्हायच्या आत दुसरी जखम होते. शरीर घाईने कोलॅजन भरत सुटतं. शिरेची भिंत जाड होते, आतली पोकळी अरुंद होत होत बंद पडते, आणि एके दिवशी ती शीर बोटाखाली दोरीसारखी कडक लागते. रक्त बाजूच्या बारीक शिरांतून वाट काढतं. मग सुई त्यांच्याकडे वळते.

वर कातडीवर याची नोंद होत असते. जळजळ झालेल्या जागी रंगद्रव्य जास्त तयार होतं आणि गव्हाळ किंवा सावळ्या कातडीवर तो डाग महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं टिकतो. फुटलेल्या रक्तपेशींतलं लोह तिथेच साठून त्यात तपकिरी छटा मिसळतं. सुईचं टोक आगीत धरून तापवलं असेल तर त्यावरची काजळी कातडीत अडकून बारीक गोंदणासारखी कायम राहते. हे ठिपके शिरेच्या मार्गावर ओळीने पडत जातात आणि त्यांची रेघ होते. शिरेऐवजी नुसतं कातडीखाली टोचणाऱ्यांच्या अंगावर व्रण वेगळे दिसतात: गोल, थोडे खोलगट, पातळ चकचकीत कातडीचे. त्यातला प्रत्येक म्हणजे एकेका गळवाची किंवा मेलेल्या चरबीची जागा असते. व्रणाची कातडी कितीही जुनी झाली तरी मूळ कातडीच्या साधारण ऐंशी टक्के एवढीच ताकद कमावते. तिच्यात घामाच्या ग्रंथी नसतात, केसांची मुळं नसतात. ती पुन्हा फाटायला फार निमित्त लागत नाही.

इथवर झालं ते नुसत्या सुईचं काम. आत काय सोडलं जातं, ते याहून वाईट.

रक्ताचा सामू ७.४ च्या आसपास असतो, म्हणजे किंचित अल्कधर्मी. आपल्याकडे आणि युरोपात रस्त्यावर मिळणारी तपकिरी हेरॉइन पाण्यात सहज विरघळत नाही. ती धुरासाठी बनवलेली असते. ती विरघळवण्यासाठी टोचणारे आम्ल वापरतात, आणि आम्ल शिरेचा आतला एकपदरी थर जाळतं. कुठे लिंबाचा रस वापरला जातो. त्यात वाढलेल्या बुरशीमुळे १९८० च्या दशकात युरोपात हेरॉइन टोचणाऱ्या कितीतरी जणांना डोळ्याच्या आतला गंभीर संसर्ग झाला, काहींची दृष्टी गेली. गोळ्यांची गोष्ट आणखी निराळी. गोळी बांधून ठेवण्यासाठी तिच्यात टाल्क, स्टार्च, सेल्युलोज घातलेलं असतं. पोटात गेलं तर ते निमूट बाहेर पडतं. शिरेत गेलं तर त्याचे कण बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. चुकून धमनीत गेले तर बोटांचा रक्तपुरवठा तुटतो, पुढे गेले तर फुप्फुसात जाऊन बसतात आणि शरीर त्यांच्याभोवती गाठी बांधत राहतं.

याचं भारतातलं सगळ्यात दुःखद उदाहरण ईशान्येकडचं आहे. मणिपूर, नागालँड, मिझोराम म्यानमारच्या सीमेला लागून. तिथे आधी हेरॉइन आली आणि सुईतून एचआयव्ही पसरला; मणिपुरात तो १९९० मध्ये उघडकीला आला. मिझोराममध्ये हेरॉइनची जागा पुढे एका निळ्या कॅप्सूलने घेतली: स्पास्मो-प्रॉक्सिव्हॉन. पोटातली कळ थांबवण्यासाठी गिळायचं साधं औषध. त्यातलं डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफीन हे अफूच्या गटातलं वेदनाशामक होतं, आणि महाग हेरॉइन परवडत नसलेल्या तरुणांनी कॅप्सूलमधली पूड टोचायला सुरुवात केली. ती पूड नीट विरघळत नाही. जिथे जाईल तिथली शीर बंद करते, शिरेबाहेर सांडली तर मांस मारते. मोठमोठी गळवं, हाडापर्यंत गेलेल्या जखमा, कापलेले हातपाय हे त्या पिढीच्या अनेक घरांनी पाहिलं. २०१३ मध्ये केंद्र सरकारने डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफीनची निर्मिती आणि विक्री थांबवली. कॅप्सूल गेली, पण गरज शिल्लक होती. तिथे दुसरी वेदनाशामकं आली.

दुसरं उदाहरण देशभर विखुरलेलं आहे आणि म्हणूनच कमी दिसतं. पेंटाझोसिन हे वेदनाशामक इंजेक्शन आपल्याकडे फोर्टविन या नावाने अनेक वर्षं दवाखान्यांत सर्रास वापरलं गेलं. मुतखड्याची कळ, ऑपरेशननंतरचं दुखणं, हाड मोडणं, कशावरही. ते आम्लधर्मी द्रावणात विरघळलेलं असतं. मांडीत किंवा दंडात टोचलं की आजूबाजूच्या द्रवाने आम्ल निवळतं आणि औषधाचे स्फटिक तिथेच साचतात. शरीर त्यांच्याभोवती जळजळ करतं, मग तंतूंचं जाळं विणतं. वारंवार टोचणाऱ्याची मांडी अशी कडक होते की कातडी चिमटीत येत नाही, बोटाने दाबली तर दबत नाही. मध्ये खोल, कडा ठसठशीत असलेल्या जखमा, भोवती काळं वलय. स्नायूच तंतुमय झाल्यामुळे गुडघा वाकत नाही, उकिडवं बसता येत नाही, हात डोक्यापर्यंत जात नाही. नायजेरियात सिकलसेलच्या भयंकर वेदनांसाठी हे औषध घेता घेता त्यात अडकलेल्या रुग्णांबद्दल तिथल्या डॉक्टरांनी पुष्कळ लिहिलं आहे.

पेंटाझोसिनचे रुग्ण आपल्या मनातल्या व्यसनीच्या चित्रात बसत नाहीत. त्यांत परिचारिका असतात, कंपाउंडर असतात, डॉक्टर असतात, खऱ्याखुऱ्या दुखण्यासाठी कुणीतरी सुरू करून दिलेलं इंजेक्शन सोडवत नसलेल्या गृहिणी असतात. ते काही सांगत नाहीत. जखमेला कधी कातडीचा क्षयरोग समजलं जातं, कधी स्वतःच्याच पेशींवर उलटलेला एखादा विकार; महिनोन्‌महिने चुकीची औषधं चालतात. अनुभवी त्वचारोगतज्ज्ञ अशा वेळी एक साधी गोष्ट पाहतात. जखमा फक्त रुग्णाचा स्वतःचा हात पोचेल अशाच जागी आहेत का? मांड्या, दंड, पोट यांवर जखमा आणि पाठीचा मधला भाग अगदी स्वच्छ, असं असेल तर त्या रुग्णाशी एकांतात, घरच्या माणसांना बाहेर बसवून, शांतपणे बोलायला हवं. २०१४ पासून पेंटाझोसिन ‘शेड्यूल एच-१’ मध्ये आहे, म्हणजे दुकानदाराने चिठ्ठीची आणि रुग्णाची नोंद ठेवणं बंधनकारक आहे.

याशिवाय काही जण वेदनाशामकात ॲलर्जीवरची किंवा झोपेची इंजेक्शनं मिसळतात. त्यांतलं प्रोमेथाझिन किती जहाल आहे, याचा पुरावा अमेरिकेतल्या एका खटल्यात नोंदलेला आहे, आणि त्यात नशेचा संबंधच नाही. व्हरमाँट राज्यातली डायना लेविन ही वादक २००० साली अर्धशिशीसाठी दवाखान्यात गेली. मळमळीवर तिला प्रोमेथाझिन शिरेतून देण्यात आलं, पण ते धमनीच्या रक्ताला जाऊन भिडलं. गँगरीन झालं, आधी पंजा, मग कोपराखालचा हात कापावा लागला. २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. प्रशिक्षित हातांनी, उजेडात, दवाखान्यात हे घडलं. पुलाखालच्या अंधारात, थरथरत्या हाताने, घाईत टोचणाऱ्याचं काय होत असेल?

धमनीत औषध गेलं की हात क्षणात पेटल्यासारखा होतो, मग पांढरा पडतो, गार पडतो, बोटं निळी-काळी होऊ लागतात. तिथून काही तासांचाच अवधी हातात असतो.

शिरांची वाट साधारण ठरलेली आहे. उजव्या हाताने टोचणाऱ्याच्या डाव्या कोपराची शीर आधी जाते, मग मनगट, पंजाची पाठ, बोटं. मग पोटऱ्या, पावलं. शेवटी जांघ आणि मान. पंजांच्या बारीक शिरांबरोबर लसवाहिन्याही बंद पडतात आणि दोन्ही हात कायमचे सुजतात. बोटाने दाबलं तर खळगा पडत नाही, आणि व्यसन सुटल्यावरही ही सूज उतरत नाही. १९६५ मध्ये न्यू यॉर्कच्या तुरुंगांतल्या कैद्यांच्या हातांवरून तिचं वर्णन पहिल्यांदा केलं गेलं. पायांत झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचतं, घोट्याजवळची कातडी काळवंडते आणि साध्या खरचटण्यातून वर्षभर न भरणारी जखम तयार होते. जांघेत तर शीर, धमनी आणि मज्जातंतू अगदी लागून असतात. तिथे एक चूक झाली की धमनीच्या भिंतीला फुगा येतो, तो संसर्गाने फुटला तर मिनिटांत जीव जातो. ज्या दिवशी रक्त तपासायला आलेली परिचारिका ‘नस सापडत नाही’ म्हणते, त्या दिवसापर्यंत या माणसाने ते वाक्य शेकडो वेळा स्वतःशीच म्हटलेलं असतं.

आणि नस सापडत नाही म्हणून सुई कातडीखाली किंवा स्नायूत शिरते, तेव्हा जंतूंचा एक वेगळाच वर्ग जागा होतो. नेहमीची गळवं होतात ती आपल्याच कातडीवरच्या स्टॅफिलोकोकसमुळे, किंवा सुई जिभेने ओली केली तर तोंडातल्या जंतूंमुळे. पण मातीत राहणारे काही जंतू बीजाणूंच्या रूपात वर्षानुवर्षं टिकतात, तापवूनही मरत नाहीत, आणि त्यांना वाढायला प्राणवायू नसलेली जागा लागते. मेलेलं मांस ही अगदी तशी जागा. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात काळी, डांबरासारखी चिकट हेरॉइन कातडीखाली टोचणाऱ्यांमध्ये जखमेतून होणारा बोटुलिझम वाढला: पापण्या पडतात, एकाचे दोन दिसतात, जीभ जड होते, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. २००० साली ग्लासगोमध्ये आणि ब्रिटन-आयर्लंडच्या इतर भागांत क्लॉस्ट्रिडियम नोव्ही या जंतूने अनेक बळी घेतले. डिसेंबर २००९ मध्ये त्याच ग्लासगोत हेरॉइनमधून अँथ्रॅक्स आला. हा आजार युरोपातल्या डॉक्टरांनी बहुतेक पुस्तकातच वाचलेला. रुग्णाची जखम जितकी सुजलेली तितकी दुखत नव्हती आणि पूही फारसा नव्हता, त्यामुळे निदानाला वेळ गेला.

कातडीवरचं दुखणं कातडीपुरतं राहत नाही, हेही सांगायला हवं. शिरेत ढकललेला जंतू हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपेवर जाऊन बसतो; ताप, खोकला, छातीत दुखणं सुरू होतं आणि रुग्ण न्यूमोनिया समजून गोळ्या घेत राहतो. वर्षानुवर्षं वाहणाऱ्या जखमांमुळे शरीरात ॲमिलॉइड नावाचं प्रथिन साठून मूत्रपिंडं निकामी होतात. पायावरची एक जखम नीट पुसून, बांधून, बरी केली असती तर डायलिसिस टळलं असतं, असे रुग्ण असतात.

अलीकडच्या काळात या विषयाने सगळ्यात भयानक रूप घेतलं ते अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात. झायलाझिन हे घोड्या-गुरांना शांत करण्याचं औषध १९६२ मध्ये जर्मनीत शोधलं गेलं. माणसांसाठी ते कधीच मान्य झालं नाही. २००० च्या दशकात प्वेर्तो रिकोत ते हेरॉइनमध्ये मिसळलेलं सापडू लागलं, मग फिलाडेल्फियात आलं. २०२१ पर्यंत तिथल्या रस्त्यावरच्या मालाच्या तपासलेल्या नमुन्यांपैकी दहातल्या नऊंहून अधिकांत ते होतं. विकत घेणाऱ्याला ते नको होतं, बरेचदा माहीतही नव्हतं. झायलाझिनने कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि माणूस तासन्‌तास एकाच अंगावर बेशुद्धासारखा पडून राहतो. मग जखमा होतात, आणि त्या जिथे टोचलं तिथेच होतात असंही नाही. कधी नडगीवर, कधी दुसऱ्याच हातावर. काळी, चामड्यासारखी खपली, खाली मेलेलं मांस. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकी सरकारने फेंटानिल आणि झायलाझिनच्या मिश्रणाला उभं राहणारं राष्ट्रीय संकट म्हणून जाहीर केलं. पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या मालात मेडेटोमिडिन हे त्याच गटातलं, आणखी तीव्र औषध दिसू लागलं.

तिथल्या परिचारिका आणि स्वयंसेवक या जखमांबद्दल जे शिकले ते फार मोलाचं आहे. जखम साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवायची, स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायचं नाही, ती ओलसर ठेवायची, झाकायची, आणि हे रोज करायचं. माणूस त्या काळात नशा करत असला तरीसुद्धा पुष्कळ जखमा अशा भरल्या. व्यसन सुटेपर्यंत जखमेवर उपचार करून काय उपयोग, असं म्हणणाऱ्यांना हे दाखवायला हवं.

भारतात किती लोक टोचतात? सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हा आकडा सुमारे साडेआठ लाख आला. हेरॉइन आणि औषधी वेदनाशामकं यांचा त्यात जवळपास सारखाच वाटा. मुंबईत १९८० च्या दशकात गर्द, म्हणजे तीच तपकिरी हेरॉइन, आलं ते मुख्यतः पन्नीवरच्या धुरातून. अनिल अवचटांनी त्या काळातल्या मुलांवर लिहिलं, आणि त्यातूनच २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात डॉ. अनिता अवचटांचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. सुई मुंबईत रुजली ती त्यानंतर. तिच्यासाठी रस्त्यावर उतरून काम करणाऱ्यांत संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टचं नाव घ्यायलाच हवं. याच संस्थेने हिपॅटायटिस सी वरच्या महागड्या इंटरफेरॉन औषधाचं पेटंट आव्हान देऊन २०१२ मध्ये रद्द करून घेतलं. सुईमुळे होणाऱ्या यकृताच्या आजारावरचं ते औषध रस्त्यावरच्या रुग्णाच्या आवाक्याबाहेर होतं.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या, म्हणजे नॅकोच्या, योजनेत टोचणाऱ्यांसाठी चालवलेल्या केंद्रांवर नवी सुई देणं, जुनी परत घेणं आणि गळवांवर मलमपट्टी करणं ही कामं अधिकृतपणे येतात. नव्या सुईचं टोक धारदार असतं, कातडी कमी फाडतं, जंतू आणत नाही. एवढ्या एका वस्तूने व्रणही कमी होतात आणि एचआयव्हीही. हे काम करणाऱ्यांवर नशेला मदत केल्याचा ठपका येऊ नये म्हणून २०१७ च्या एचआयव्ही कायद्याच्या २२ व्या कलमात त्यांना स्पष्ट संरक्षण आहे. पोलीस ठाण्यातल्या प्रत्येक शिपायाला हे कलम माहीत असायला हवं, आणि ते अजून तसं नाही.

कारण सगळ्यात जास्त नुकसान करतो तो उशीर. साधं गळू चीर देऊन, पू काढून, पट्टी करून बरं होतं. पण रुग्ण दवाखान्यात जात नाही. मागच्या वेळी त्याला रांगेत सगळ्यांसमोर ‘गर्दुल्ला’ म्हटलेलं असतं, जखम न बघताच बाहेर काढलेलं असतं, किंवा पोलिसांना कळवू अशी धमकी मिळालेली असते. मग तो ब्लेडने स्वतःच गळू फोडतो, दुकानातून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या घेतो, लांब बाह्यांचा शर्ट घालतो. आठ दिवसांनी येतो तेव्हा हात वाचवण्याची वेळ गेलेली असते. आपल्या घरात, इमारतीत, वस्तीत असं कुणी असेल तर काही खुणा लक्षात ठेवाव्यात. लाली तासागणिक पसरणं, थंडी वाजून ताप, जखमेच्या मानाने असह्य दुखणं, कातडी काळी किंवा बधिर होणं, हात पांढरा-गार पडणं, दोन-दोन दिसणं. यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता मोठ्या रुग्णालयात न्यावं आणि डॉक्टरांना काय टोचलं ते खरं सांगावं. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं आहे का, हेही विचारावं.

रुग्णालयात पोचल्यावर दुसरी अडचण सुरू होते. हृदयाच्या झडपेच्या संसर्गाला चार ते सहा आठवडे शिरेतून औषध लागतं, खोल जखमेला पुन्हा पुन्हा सफाई आणि कधी दुसरीकडची कातडी लावणं. पण दाखल झाल्यावर काही तासांतच टर्की, म्हणजे नशा न मिळाल्याचा त्रास, सुरू होते: अंग मोडून येणं, उलट्या, घाम, जीव नकोसा होणं. तिच्यावर उपचार मिळाला नाही तर रुग्ण सलाईन काढून निघून जातो आणि केसपेपरवर ‘पळून गेला’ असा शेरा पडतो. यावरचं औषध आपल्याकडे आहे. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवली की टर्की थांबते. नॅकोने २००७ ते २०१२ च्या टप्प्यात ती आपल्या कार्यक्रमात घेतली. हेच ब्युप्रेनॉर्फिन ॲम्प्यूलमधून टोचून मुंबई-दिल्लीतल्या अनेकांनी शिरा गमावल्या, आणि तेच जिभेखाली घेऊन कित्येकांची सुई सुटली. फक्त ही गोळी ठरावीक केंद्रांतूनच मिळते. शस्त्रक्रिया विभागात पाय वाचवण्यासाठी दाखल झालेल्या माणसाला ती मिळेलच असं नाही. ते केंद्र दुसऱ्या इमारतीत असतं, किंवा दुपारी बंद होतं, किंवा त्या विभागातल्या डॉक्टरांना ते कुठे आहे हेच ठाऊक नसतं. जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत दाखल झालेल्या रुग्णाच्या खाटेपर्यंत ही गोळी पहिल्याच दिवशी पोचली पाहिजे. शल्यचिकित्सकाने मानसोपचार विभागाला एक चिठ्ठी पाठवावी आणि तिथल्या डॉक्टरने त्याच संध्याकाळी यावं, एवढ्यानेही पुष्कळ पाय वाचतील.